गोळीचा दर कशावर ठरतो

आई कोडोलीहून आमच्याकडे कोल्हापुरात कायमची राहायला आली, तेव्हा घरखर्चात औषधांची भर पडली. तिला रक्तदाबाची एक गोळी होती, रोज सकाळी चहाच्या आधी. दहा गोळ्यांचं पाकीट शंभराच्या आसपास जायचं. ते मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणायचो आणि कधी त्याचा विचार केला नव्हता.

एकदा त्या दुकानात नेहमीचं पाकीट संपलेलं होतं. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचं पुढे केलं आणि आतलं औषध तेच आहे म्हणून सांगितलं. किंमत तीस रुपयांनी कमी होती. मला बरं वाटण्याऐवजी कोडंच पडलं. औषध तेच असेल, तर हे तीस रुपये होते कशाचे?

घरी येऊन जुनं रिकामं पाकीट आणि हे नवं, दोन्ही खिडकीपाशी नेऊन चष्मा लावून वाचली. मोठ्या अक्षरातली नावं वेगवेगळी, पण खाली बारीक अक्षरात दोन्हींवर एकच नाव, टेल्मिसार्टन, आणि पुढे चाळीस मिलिग्रॅम. इतकी वर्षं मी फक्त मोठी अक्षरं वाचत आलो होतो.

मग मला नादच लागला. जेनेरिक औषधांच्या दुकानात जाऊन ते बारीक अक्षरातलं नाव सांगितलं. तिथे दहा गोळ्या पंधरा रुपयांच्या आत निघाल्या. इतका फरक बघून उलट भीती वाटली, म्हणून घेण्याआधी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, घ्या, बिनधास्त घ्या, प्रमाण तेवढंच ठेवा आणि महिन्याने आजींना दाखवून जा. मी म्हटल्यावर त्यांनी चिठ्ठीवर कंपनीचं नाव न घालता औषधाचं नाव लिहून दिलं. फरक का, हेही विचारलं. कंपनीचं नाव लोकांच्या आणि डॉक्टरांच्या तोंडी बसवायला खर्च येतो, मधल्या प्रत्येकाचा वाटा असतो, असं त्यांनी सांगितलं. तेवढ्याने माझं पुरतं समाधान झालं नाही, पण पाकीट घेऊन आलो.

त्या दिवशी जेवताना मी ती किंमत सगळ्यांना सांगितली, जरा जास्तच कौतुकाने. आईने ऐकून घेतलं.

काही दिवसांनी बायकोच्या लक्षात आलं, की आई बसून उठली की भिंतीला हात लावते. विचारलं तर म्हणायची, ऊन लागलं असंल. एका सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तिचा तोल गेला आणि बायकोने दंडाला धरलं म्हणून ती पडली नाही. या वयात खुबा मोडला तर काय होतं, ते आमच्या भावकीत सगळ्यांनी बघितलेलं आहे. मी तिला रिक्षाने थेट दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी दाब मोजला. बराच खाली आला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला वाटलं, बचतीच्या नादात आपण आईला काहीतरी भलतंच खाऊ घातलं. त्यांनी आईला विचारलं, गोळी रोज घेता ना?

"घेतो की. दोन घेतो."

दोन का, असं मी विचारलं, तर ती माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "आरं, दर फॅटवर असतोय की. एवढ्या कमी दराची म्हंजे पातळच असणार. एकीनं काय हुतंय?"

डॉक्टरांना नीट कळलं नाही, मला लगेच कळलं. आईने उभा जन्म डेअरीला म्हशीचं दूध घातलं. फॅट लागेल तसा दर मिळतो, कमी दर म्हणजे दुधात काही नाही, हे तिने रोज सकाळ-संध्याकाळ अनुभवलेलं. जेवताना मी किंमत सांगितली होती, चाळीस मिलिग्रॅम सांगायचं राहिलं होतं. तिने तिच्या हिशेबाने कमी पडणारं औषध भरून काढलं. हिशेब चुकीचा होता, पण हिशेबच होता.

मी खिशातून पाकीट काढून तिला बारीक अक्षरं दाखवली. जुन्यातही चाळीस, यातही चाळीस.

"छापायला काय लागतंय?" ती म्हणाली. "डेअरीत मशिनीत घालून दावत्यात."

डॉक्टर हसले. म्हणाले, आजी, मशीन माझ्याकडे आहे. आजपासून रोज एकच गोळी घ्या, पंधरा दिवसांनी या, तुमच्यासमोर मोजतो. आकडा वर गेला, तर जुनी महागडी गोळी पुन्हा लिहून देतो. आईला हा व्यवहार पटला. दोनाची एक केली की आपलं काही खरं नाही, अशी धास्ती मात्र तिच्या चेहऱ्यावर होती. ते पंधरा दिवस गोळी बायकोने तिच्या हातावर ठेवली. भिंतीला हात लावणं हळूहळू थांबलं.

ठरल्याप्रमाणे गेलो. डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला, हवा भरली आणि आकडा मोठ्याने वाचला. महागडी गोळी चालू असताना यायचा, जवळपास तोच होता. आईने डावा हात पदरात घेतला आणि उजवा पुढे केला.

"ह्यो बी मोजा."

त्यांनी तोही मोजला. फारसा फरक नव्हता.

परत येताना रिक्षात तिने तोच प्रश्न विचारला, जो मला पहिल्या दिवशी पडला होता: मग वरचं पैसं कशाचं दिलं आपण? मला जेवढं कळलं होतं तेवढं मी सांगितलं, जाहिरात, मधली माणसं, नाव. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. मलाही अजून सगळं पटलेलं नाही.

घराच्या अलीकडच्या चौकात ती म्हणाली, "हीच आण मग. आन् माझ्या गुडघ्याच्या गोळीवर बारीक अक्षरात काय लिवलंय, ते बी बघ."