संत्र्याच्या घरातल्या लेकी

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी, अकोल्याच्या, आणि मोर्शीजवळच्या एकाच घरात दोघा सख्ख्या भावांना दिलेल्या. बहीणच जाऊ असली की घरात भांडणं होत नाहीत, असं आमच्या आईला वाटायचं. भांडणं झालीही नाहीत. मी नुसती जळत राहिले.

संत्र्यांची तोडणी सुरू झाली की धाकटीचा मुलगा झाडाखालून हलत नसे. साल दातांनी सोलायची, रस कोपरापर्यंत ओघळू द्यायचा, आणि खेळात रमला की जेवायचंच नाही. त्याला काही होत नसे. माझी लेक त्याच्याशेजारी डबा घेऊन बसायची. डब्यात भात किंवा पोहे, आणि मधल्या वेळेला पाण्यात कालवलेलं मक्याचं पांढरं पीठ. पोट रिकामं असताना शरीर स्वतःच साखर तयार करतं, त्याला लागणारं एक एन्झाइम तिच्यात जन्मापासून नाही. जेवणाला उशीर झाला की ती गळून जाते, आणि फळाची, मधाची, उसाची साखर तिला उलट बाधते. एवढी बाग घरची, पण तिच्या वाट्याला एक फोड नाही.

“त्याले कावून चालते, मले कावून नाही?” ती विचारायची. मीही तेच विचारत होते, फक्त मोठ्यानं नाही.

हे दुखणं कळलं ते फार उशिरा. आमच्या घरात जन्मलेल्या बाळाला आधी मेळघाटचा मध चाटवतात आणि तापात संत्र्याचा रस पाजतात. तिला दोन्ही मिळालं, सगळ्यांच्या मायेनं मिळालं. तापात काही खात नव्हती म्हणून रस दिला, आणि ती बेशुद्धच झाली. अमरावतीच्या डॉक्टरांनी पुढं तपासण्या करून सांगितलं, की हा दोष आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला तरच मूल आजारी पडतं. आईबापांना स्वतःला काही होत नाही. म्हणजे धाकटीत आणि दिरातही तो लपलेला असू शकतो. दोघी एका आईच्या, दोघं एका बापाचे, मग तिच्याच लेकराला सगळं गोड कसं? सासूबाई म्हणायच्या, “पाची बोटं सारखी नसतात, बाई.” मला ते ऐकवत नसे.

धाकटीला पुन्हा दिवस गेले तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, तपासणीचा निकाल येईपर्यंत बाळाला मध द्यायचा नाही, उपाशी ठेवायचं नाही. मुलगी झाली. सासूबाईंनी मधाची बाटली फडताळात वर सरकवली. मी देवापुढे हात जोडत होते, पण मनात यायचं, हीसुद्धा धडधाकट निघाली तर मी कुठं तोंड लपवू?

निकाल आला. बाळालाही तेच होतं. धाकटी रडली, दीर ओसरीवर बसून राहिला. मलाही वाईट वाटलं, खरंच वाटलं. माझी लेक मात्र पाळण्याशी गेली.

“मावशी, हे बी माह्यासारखी आहे?”

धाकटीनं मान हलवली, तशी ती खुलली. “मंग आता डबा घेऊन आमी दोघी बसू.”

धाकटी डोळे पुसत मला म्हणाली, “ताई, तुह्या पोरीचं दुखणं कळलं नसतं तं हिलेबी आपन मध चाटवला असता. आता तूच सांग मले, केव्हा काय पाजाचं.” आणि तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं.

छान गुबगुबीत होतं बाळ. मी सगळं समजावून सांगितलं, आवाज शांत ठेवून. पण आत तीच जुनी आग होती. माझी लेक बेशुद्ध पडली तेव्हा कुठं आमच्या घराला अक्कल आली, आणि हिला त्या अकलेचा फायदा जन्मतःच मिळाला. धाकटीला शिकवायला मी होते. मला कोणी नव्हतं.