तांबीचं ऑपरेशन

सांगोल्याकडच्या माळावर मेंढरं राखण्यात मायाक्काचं अर्धं आयुष्य गेलं होतं. मेंढरांच्या कळपाला तिकडं खांड म्हणतात. खांडात कोणता नर ठेवायचा आणि कोणते खच्ची करायचे, हे ती दातांवरून, चालीवरून सांगायची. पुढचं काम तिचा नवरा बिरप्पा करायचा, आणि इतक्या हलक्या हातानं की मेंढा उठून लगेच चरायला लागे. पिल्लं किती व्हावीत, कधी व्हावीत, सगळं त्या दोघांच्या हातात होतं.

बहात्तरच्या दुष्काळात खांड विकलं आणि दोघं सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या एका खोलीत आली. बिरप्पा बाजारात हमाली करू लागला. माळावरचा म्हणून एकच जीव मागोमाग चालत आला, तो म्हणजे त्यांची कुत्री तांबी.

पेठेत तांबी लागोपाठ दोनदा व्याली. पहिल्या वेताची पिल्लं मायाक्कानं पाटीत घालून दारोदार फिरून वाटली. दुसऱ्या वेताची कुणी घेईना. लोकांनाच पोटभर भाकरी नव्हती. दोन मेली, एक टांग्याखाली गेलं, आणि उरलेल्यांना जपताना तांबीनं घरमालक मल्लिकार्जुनप्पांच्या नातीचा हात धरला. दात थोडेच लागले होते. पण चार वर्षांची ती पोर पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायला रोज रडत जायची. मायाक्का दाराआड बसून ते रडणं ऐकायची.

अप्पा एकदाच बोलले. "मायाक्का, मी वाईट माणूस नव्हे बघ. पण पुन्हा या दारात कुत्री व्याली, तर ती तरी जाईल नाहीतर तुम्ही. तिसरं काही मला सांगू नको."

"व्हय अप्पा," मायाक्का म्हणाली. पोरीचा हात बघितल्यावर आणखी काय बोलणार?

बिरप्पाला मात्र काळजी वाटली नाही. "त्यात काय हाय? नर खच्ची केले की झालं." गल्लीत नर दोनच. एक बेवारशी आणि दुसरा बाळासो न्हाव्याचा मोत्या.

"माझ्या कुत्र्याला हात लावशील तर तुझी बिनपाण्यानं करीन!" बाळासो वस्तरा घेऊनच उठला.

"अरं, ह्यो दिसभर हिंडतुया, भांडून कान फाडून घेतुया. एकदा केला की दुकानाचं दार सोडायचा न्हाय."

खुर्चीतलं गिऱ्हाईक साबणाच्या फेसातून हसलं. "करून घ्या की बाळासो. फिरस्ता हाय, घरचा हुईल."

शेवटी बाळासोनंच मोत्याचं तोंड धरलं. चार दिवसांत मोत्या बरा झाला, दुसराही झाला. बिरप्पानं खांडातल्यासारखेच हात झटकले.

पुढं तांबी माजावर आली. सकाळी मायाक्कानं दार उघडलं तर उंबऱ्याशी सात कुत्री. एकही ओळखीचं नाही.

"ही कुटल्या खांडातली म्हणायची?" बिरप्पा काठी घेऊन उभाच राहिला. दोन नर केले म्हणजे सगळे झाले, असं तो धरून चालला होता. पण खांडाला धनी असतो. या कुत्र्यांना ना धनी होता, ना पेठेची हद्द.

मायाक्कानं आठ दिवस तांबीला कोंडून ठेवलं. नवव्या दिवशी पाण्याचा टँकर आला, ती घागर घेऊन पळाली आणि कडी लावायची राहिली. परत आली तेव्हा खोली रिकामी होती.

रात्री तांबी परत आली, तशी मायाक्का तिला दोरीनं बांधून गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर नवा, जेमतेम पंचविशीचा होता. "नराचं सोपं असतं, बाई. मादीचं पोट उघडून पिशवी काढावी लागते. कॉलेजात मी एकदाच बघितलंय. पण करू. सोमवारी आणा."

सोमवारी डॉक्टर गुरांच्या छावणीवर गेलेला. पुढच्या सोमवारीही तेच. व्हरांड्यात बैल आडवे पडले होते, आणि जखमा बांधणारा संगप्पा एकटाच धावपळ करत होता.

"अवो मावशी, हितं बैल उठंना झाल्यात, आन तुमी कुत्रीचं कुटुंबनियोजन घेऊन आलाय व्हय?"

"माजं केलं न्हवं का, पोट फाडूनच? शिबिरात बायांची रांग लावली हुती. मग हिचंच का न्हाय?"

संगप्पा हसला, पण तिचं तोंड बघून परत बैलाकडं वळला. शेजारी एक म्हातारा आपल्या बैलाच्या डोळ्यांवरच्या माश्या पागोट्याच्या शेवानं वारत होता. मायाक्का त्याच्याकडं बघत राहिली. मग कुणी जा म्हणायच्या आधीच तिनं दोरी ओढली.

डॉक्टर भेटला तो पाचव्या आठवड्यात. त्यानं तांबीचं पोट चाचपलं. "पिल्लं आहेत."

"आता करा की. कसंबी करा."

"आता रक्त फार जाईल. माझा हात बसलेला नाही, बाई. मेली तर?"

जागरणानं त्याचे डोळे लाल झाले होते. त्याच्यावर राग धरावा असं काही मायाक्काला सापडेना. त्यानं चिठ्ठी लिहून दिली. पिल्लांचं दूध सुटलं की ही घेऊन या, तोवर छावण्या उठतील, मी नक्की करीन. म्हणजे निदान अडीच महिने. तांबीचं पोट अप्पांना आठ दिवसांत दिसणार होतं.

होटगीचा मल्लप्पा बिरप्पाला बाजारात भेटायचा. त्याच्या शेतावर राखणीला कुत्री हवी होती. रविवारी मायाक्कानं भाकरी ताकात कुस्करून तांबीला चारली आणि चिठ्ठी बिरप्पाच्या मुंडाशात खोवली. "सांगा त्याला, पिल्लं सुटली की आणून सोड. येका दिसाचं काम हाय."

सांजेला बिरप्पा रिकामी दोरी घेऊन आला.

"कागद दिला?"

"दिला."

"काय म्हनला?"

"काय म्हणंल? तंबाकूची पुडी बांदली त्यात."

"आन पिल्लं?"

"दोन ठेवतो म्हनला."

बाकीच्यांचं तिनं विचारलं नाही. "आन पुढच्या वेताला?"

बिरप्पानं दोरीचं वेटोळं करून खुंटीला अडकवलं. "दर वेताला दोनच," तो म्हणाला.