सुंदरबाईचा कडू घास

दारात जीप थांबली की प्रमिलाबाईच्या पोटात दुखू लागे. जीप तिच्यासाठी कधीच आलेली नसे. ती यायची शेजारच्या दारी, तिच्या धाकट्या जावेला, सुंदरबाईला न्यायला. कधी शिंदखेड्याहून, कधी धुळ्याहून, आणि एकदा तर थेट जळगावच्या पिंप्राळ्याहून पांढरी ॲम्बेसेडर आली होती. नरडाण्याजवळच्या त्या खेड्यात ॲम्बेसेडर एरवी फक्त मतं मागायला यायची. प्रमिलाबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती. त्या दिवशी तिने डाळीबरोबर खडेही डब्यात भरले आणि रात्री नवऱ्याच्या दाताखाली खडा आला तेव्हा उलट त्यालाच फाडकन बोलली.

सुंदरबाईला बोलावणं यायचं ते मयताच्या घरून. खान्देशात मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही. माणसं मसणातून परतली की भाऊबंद, शेजारी आपल्या घरून भाकरी-वरण आणतात. त्या जेवणाला कडू घास म्हणतात. बहुतेक बाया रडून रडून थकतात आणि कुणीतरी दटावलं की दोन घास पोटात ढकलतात. पण एखादीला रडूच फुटत नाही. डोळे कोरडे ठाक, तोंडात पाण्याचा थेंब नाही, हाक मारली तर भिंतीकडे बघते. तशा बाईपाशी सुंदरबाई जायची. दोघीच आत, दार लोटलेलं, बाहेर बायांची गर्दी. थोड्या वेळाने आतून चढा आवाज यायचा, भांडं आपटायचं, आणि मग असा हंबरडा फुटायचा की दावणीची गुरंही कान टवकारत. मग सुंदरबाई दार उघडून म्हणायची, "वाढा व माय, जेवस ती."

आत ती काय बोलते, हे ना ती सांगायची ना ती दुसरी बाई.

"सुंदरबाईपान मंतर शे," बाया म्हणायच्या. तिच्यापाशी मंत्र आहे.

मंतर! हा शब्द ऐकला की प्रमिलाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आजवर लग्नाची पंगत असो की भाऊबंदकीचं भांडण, गावात पहिली हाक थोरल्या सुनेला, म्हणजे तिला, यायची. पापड लाटायला बाया जमल्या की पाट तिचा मधोमध. आता त्याच बाया तिच्या ओट्यावरून सरळ पुढे जायच्या. जाता जाता विचारायच्या, "सुंदरबाई घर मा शे का?" म्हणजे ही काय फक्त पत्ता सांगायला बसली होती?

खरं सांगायचं तर हा मत्सर जुना होता. दोघी सख्ख्या जावा, दोन भाऊ, मधल्या एका भिंतीने वेगळ्या केलेल्या दोन चुली. प्रमिलाबाईचा नवरा हिलाल शेतीत मुरलेला, भला माणूस, पण बोलायचा इतकं कमी की बैल त्याच्यापेक्षा बोलके वाटावेत. सुंदरबाईचा रुपचंद विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. चाळीसगावला जुन्या मोटारी स्वस्त मिळत, त्या आणायला जायचा, कधी मुक्कामही पडायचा. येताना बायकोसाठी काहीतरी असायचंच. कधी बांगड्या, कधी नुसती शेव. आणि सगळ्यांसमोर तिला विचारायचा, "तू जेवलीस का?" भिंतीपलीकडून हा एवढा प्रश्न ऐकू आला की प्रमिलाबाईची भाकरी तव्यावर करपायची. तिला आयुष्यात कुणी असं विचारलं नव्हतं.

चौऱ्याऐंशी साली रुपचंद एका विहिरीवर विजेचा धक्का बसून गेला. सुंदरबाई दगड झाली. दोन दिवस तिच्या डोळ्यांतून टिपूस नाही, पोटात अन्न नाही. सगळं गाव तिच्यासाठी हळहळत होतं. म्हातारेकोतारे म्हणत होते, अशी जोडी पुन्हा होणे नाही. आता ऐका, माणसाचं मन किती खालच्या पायरीवर उतरतं ते. मेलेल्या दिराची बायको समोर सुकत चालली होती आणि प्रमिलाबाईला तिच्या दुःखाचाही हेवा वाटला. कडू घासाची भाकरी पुढे सरकवताना ती तिच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "कसाले झुरस व तू? तो तुना एकलीना थोडाच व्हता! चाळीसगावले मुक्काम काय मोटारीकरता करे का?"

सगळं खोटं होतं. चाळीसगाव तिने स्वतः कधी पाहिलंही नव्हतं.

सुंदरबाई ताडकन उठली. भाकरीची थाळी भिंतीवर गेली. "जीभ झडी जाई तुमनी, अक्का! मना मालक देव व्हता, देव!" एवढं ओरडली आणि जी कोसळली, ती संध्याकाळपर्यंत रडत राहिली. मग पाणी मागितलं, मग भाकरी. गावाला वाटलं, थोरलीने धाकटीला सावरलं. प्रमिलाबाईनेही ते तसंच वाटू दिलं.

पुढे वर्षभरात गल्लीतली एक बाई अशीच दगड झाली, तेव्हा सुंदरबाई आपणहून उठून तिच्याकडे गेली. तिथून हे सगळं सुरू झालं. लहान पोरगा पदरात, चार बिघे कोरडवाहू जमीन, पण तिच्या अंगात पुन्हा जीव आला तो अशा घरांच्या दारात. कुणाकडून कधी काही घेतलं नाही. फार तर परत येताना जीपवाल्याला सांगायची, बाजारात दोन मिनिटं थांब.

प्रमिलाबाईने एकदा स्वतः करून पाहिलं. सुंदरबाई पिंप्राळ्याला गेली असताना गावात झुलाल वारला. त्याची बायको ताईबाई गप्प. प्रमिलाबाईने पदर खोचला, आत गेली, दार लोटलं. झुलाल दारूडा होता, हे अख्ख्या गावाला ठाऊक. ही म्हणाली, त्याच्यासाठी कशाला सुकतेस, त्याने तुला दारूपायी मारलं, अंगावरचे दागिने विकले. ताईबाईने मान वळवली आणि कोरडेपणाने म्हणाली, "माले म्हाईत शे." आणि जी गप्प झाली ती आणखीच. बाहेरच्या बायांना हंबरडा ऐकू आला नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तशी प्रमिलाबाई "तिनं मनच दगड शे" म्हणत बाहेर आली. बायांनी तोंडाला पदर लावले. हसत होत्या मेल्या.

दुसऱ्या दिवशी सुंदरबाई आली आणि ताईबाई उठली. तिने काय सांगितलं, हे पुढे ताईबाईनेच प्रमिलाबाईला सांगितलं, कारण तिचा सुंदरबाईवरचा राग अजून गेला नव्हता. "मना मालकनी मारुतीनी दानपेटी फोडी, म्हने! पेताड व्हता तो, पन चोर नव्हता!" आणि पुढे म्हणाली, "तिसरे दिन उनी परत. पाय धरात मना. खोटं बोलनू म्हने. शब्द परत लेवाले उनी व्हती."

प्रमिलाबाई घरी येऊन नुसती बसली. म्हणजे हाच मंतर. साफ खोटं बोलायचं, मेलेल्या माणसावर असा आळ घ्यायचा की त्याच्या बायकोने त्याच्यासाठी भांडायला उठावं. ही तर तिचीच विद्या! तिने एकदा ओकलेलं विष ही बाई तालुकाभर औषध म्हणून वाटत फिरत होती, आणि ॲम्बेसेडर तिच्या दारी. आयत्या बिळावर नागोबा!

पण त्या विद्येत एक गोष्ट प्रमिलाबाईची नव्हती. शब्द परत घ्यायला ती कधी गेली नव्हती.

हे तिला कळलं आणि तिने ते गिळून टाकलं. कारण विचार केला, चाळीसगावचं ते खोटं होतं असं आता सांगितलं तर गाव काय म्हणेल? मेलेल्या दिरावर आळ घेणारी! आणि खरं कारण याहून वाईट होतं. सुंदरबाईपाशी मान होता, जीपा होत्या, पोरगा शहाणा निघाला होता. एक शंका तेवढी तिच्या पोटात राहिली तर काय बिघडलं? राहू दे. थोडं तरी तिचं कमी राहू दे.

शंका राहिली होती, हे प्रमिलाबाईला एकदा स्पष्ट दिसलंही. चाळीसगावहून जीप आली. व्यापाऱ्याचं घर, तरणी सून, तीन दिवस उपाशी. आलेली माणसं हात जोडत होती. तालुके ओलांडून जाणारी सुंदरबाई दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "चाळीसगावले मी येत नही, भाऊ. माफ करा." जीप रिकामी गेली. प्रमिलाबाईला ओट्यावर बसून आधी गार वाटलं. मग ती तरणी सून आठवत राहिली. तिचं पुढे काय झालं, हे विचारायला तोंड कुणापाशी उघडणार?

शहाण्णव साली, थंडी सरता सरता, हिलाल गेला. कापसाच्या गाडीवर बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि खेळ आटोपला. प्रमिलाबाईला वाटलं होतं आपण रडू. रडू आलं नाही. आतून एवढंच येत राहिलं की हा माणूस कधी बोललाच नाही, आता बोलणारही नाही, मग रडायचं तरी कशाचं? भाकरी समोर आली, ती तशीच गेली.

ती सुंदरबाईची वाट बघत होती. टपूनच बसली होती म्हणा ना. ये, सांग माझ्या नवऱ्यावर काहीतरी, तुझं खोटं तुझ्या तोंडावर मारते. पण सुंदरबाई आलीच नाही. घरात होती, पाहुण्यांना पाणी देत होती, चहाची भांडी घासत होती, आत मात्र फिरकली नाही. दुसरा दिवसही तसाच गेला. आणि प्रमिलाबाईला काय वाटलं असेल? तिला ताईबाईचा हेवा वाटला! पिंप्राळ्याच्या त्या कोण कुठल्या बाईचा हेवा वाटला. साऱ्या मुलखातल्या विधवांसाठी हिला खोटं बोलायला वेळ आहे, आणि सख्ख्या जावेसाठी नाही?

तिसऱ्या दिवशी बायाच सुंदरबाईला रेटू लागल्या. ती ताट घेऊन आत आली, दार लोटलं आणि समोर बसली. तिचा चेहरा नेहमीच्या कामाला निघालेल्या बाईचा नव्हता.

"अक्का, तुमले मी काय सांगू?" ती म्हणाली. "तुमले मनं बठ्ठं, सगळं म्हाईत शे. तुम्हीच माले सांगा. चाळीसगावनं ते... खरं व्हतं का?"

प्रमिलाबाईला एक क्षण वाटलं, हाही मंतरच असेल, मला उठवायचा. पण असलं तोंड करून कुणी मंतर घालत नाही. बारा वर्षं हा प्रश्न घेऊन ही बाई भिंतीपलीकडे राहिली, सणावाराला पाया पडली, आणि विचारायचं धाडस तिला आज झालं, थोरलीच्या घरातही मयत झाल्यावर. मेलेल्या माणसाचं बायकोपाशी काय उरतं, ते प्रमिलाबाईला या तीन दिवसांत कळलं होतं. हिलालचं तिच्यापाशी फारसं काही उरलं नव्हतं. पण जे होतं ते स्वच्छ होतं. हिचं तिने नासवून ठेवलं होतं.

"खोटं व्हतं, सुंदर," ती म्हणाली. "तो असा नव्हता. मना जीव जळे तुमले देखीसन, म्हनीसन बोलनू."

सुंदरबाई ओरडली नाही. थाळी आपटली नाही. "बारा वरीस, अक्का," एवढंच म्हणाली. "आखाजीले त्यासना नावनी पितरनी घागर मी मना हातघाई भरी नही. पोऱ्यानी भरी. माले वाटे, तठे दुसरी कोनी भरत व्हई."

आणि मग ती फुटली. शेकडो बायांना रडवून उठवणारी ती बाई प्रमिलाबाईच्या मांडीवर डोकं टाकून लहान पोरीसारखी हंबरली. प्रमिलाबाईला काय करावं सुचेना. रडणारीला कसं सांभाळतात, हे तिला येत नव्हतं, तिने कधी शिकूनच घेतलं नव्हतं. शेवटी तिने ताटातली भाकरी मोडली, वरणात भिजवली आणि घास सुंदरबाईच्या तोंडाशी नेला. तिने तोंड फिरवलं. हिने पुन्हा नेला.

"खाय व माय," ती म्हणाली. "खाय. तो इचारी ना मंग, जेवनी का म्हनीसन."

सुंदरबाईने घास घेतला. ती चावत होती आणि रडत होती. भाकरी मोडता मोडता प्रमिलाबाईने एक तुकडा आपल्याही तोंडात टाकला, तिला कळलंही नाही.

बाहेर बाया थांबलेल्या होत्या. हंबरडा त्यांनी ऐकला होता. दाराशी येऊन ताईबाईने हाक मारली, "सुंदरबाई, रडू उनं का व प्रमिलाबाईले?"

सुंदरबाईने डोळे पुसायला पदर शोधला. प्रमिलाबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दाराकडे बघून म्हणाली, "उनं, माय, उनं. सुंदरनी रडाडं माले."

बाहेर कुणीतरी समाधानाने म्हणालं, मंतर शे तिनापान. प्रमिलाबाईने ते ऐकलं आणि पुढचा घास भिजवायला घेतला.