गाडीचं नाव, आईचं नाव

मी तळवडे सोडलं त्या दिवशी आमच्या दारात दोन गाड्या उभ्या होत्या आणि दोन्ही गच्च भरल्या होत्या. एकीत माझ्या बॅगा आणि नवरा, दुसरीत दादा आणि त्याची मित्रमंडळी. ती सगळी मला विमानतळावर सोडायला निघाली होती की मुंबईची चक्कर मारायला, हे त्यांचं त्यांना ठाऊक. या गर्दीत आईलाच जागा उरली नाही. "मला कुठं ते इमान बघायचंय," म्हणत ती गेटपाशी उभी राहिली. समोरच्या रस्त्यावर आयटी पार्कच्या बसगाड्या अडकून पडल्या होत्या, हॉर्नचा नुसता कालवा चालला होता. आईने माझ्या हातावर दही घातलं, लग्न झालेली घोडी झाले होते तरी पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पोचलीस की फोन कर." बस, एवढंच. आमच्या घरात मोठं बोलायची पद्धतच नव्हती. जे काही वाटत असेल ते डब्यात भरून द्यायचं. माझ्या बॅगेत शेंगदाण्याची चटणी आणि कुरडया इतक्या होत्या की कपडे शोधावे लागले.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर गेले, त्यांना पहिल्या वर्षाचं काही सांगायला नको. आणि जे गावात राहिले, त्यांना सांगूनही पटायचं नाही. त्यांना वाटतं, ऑनसाइट म्हणजे कंपनीच्या खर्चाने परदेशात मजाच. लंडनच्या पूर्वेला आम्हाला एक दीड खोलीचं घर मिळालं. मी तळवड्यात करायचे त्याच सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कामाला लागले आणि रोज एकाच लाइनच्या गाडीने जाऊ-येऊ लागले. तिथल्या नकाशात तशा बऱ्याच लाइनी एकाच नारिंगी रंगाने काढलेल्या होत्या आणि सगळ्यांना मिळून एकच नाव होतं. भाऊबंदांच्या सातबाऱ्यासारखं, कोणाचं काय ते कळायचंच नाही.

मग एके दिवशी त्या लाइनींना वेगवेगळी नावं दिली, रंगही वेगळे दिले. आमच्या वाट्याला हिरवा रंग आणि 'सफ्रजेट' हे नाव आलं. बायकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून ज्या बायका तिकडे भांडल्या, तुरुंगात गेल्या, उपाशी राहिल्या, त्यांचं हे नाव. यावर लोकांनी काय काय तोंडसुख घेतलं ते विचारू नका. आमच्या शेजारचे एक आजोबा जन्मापासून त्याच गल्लीत राहिलेले. ते रोज प्लॅटफॉर्मवर मला धरून सांगायचे की पैसा नासवला, आम्ही पोरं असल्यापासून या लाइनला टोपणनावाने हाक मारतो, हे नवं नाव कोण ओळखणार? उलट माझ्या ऑफिसातला एक सहकारी, ज्याचे आजी-आजोबा समुद्रापलीकडच्या बेटांवरून इकडे मजुरीला आले होते, तो एका रविवारी आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन गेला. ज्या जहाजाने ते लोक आले होते त्याचं नाव दुसऱ्या एका लाइनला दिलं होतं. त्या पाटीखाली उभं करून त्याने आईचा फोटो काढला आणि सोमवारी सगळ्यांना दाखवत फिरला. मी दोघांचंही ऐकून घ्यायची. मला काय, गाडी वेळेवर आली म्हणजे झालं.

गंमत म्हणून मी हे घरी सांगितलं. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आई मेथी निवडत बसली होती, दादा मागे येरझाऱ्या घालत होता. त्याचे ते दिवस मोठ्या धामधुमीचे होते. मेट्रो निगडीच्या पुढे चाकणपर्यंत येणार अशी चर्चा चालू होती. स्टेशन अजून जमिनीवर आलेलं नव्हतं, पण त्याच्या नावावरून भांडणं मात्र जमिनीवर आली होती. स्टेशनाला आमच्या गावाचंच नाव पाहिजे म्हणून दादाने पोरं गोळा केली होती, निवेदनं दिली होती, ग्रुपवर रोज कोणाशी तरी वाजत होतं. माझं ऐकून तो हसला. "बायांच्या नावाची गाडी? मग पुरुषांनी काय चालत जायाचं का?" म्हणत फोन घेऊन बाहेर गेला.

आईने मेथीची जुडी खाली ठेवली. त्या बायका अजून आहेत का, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, नाही ग, कधीच गेल्या.

"मेल्यावर का व्हईना, नाव लागलं म्हणायचं," ती म्हणाली. मग तिने दाराकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाली, "माझं नाव हौसा व्हतं. तुला ठाव न्हाई."

मला खरोखरच ठाऊक नव्हतं. माझी आई म्हणजे मंगल. रेशनकार्डावर मंगल, आधारवर मंगल, शेजारणींची मंगलकाकू. लग्नात सासरी नाव बदलतात हे आपल्याला सगळ्यांना माहीत असतं, पण आपल्या आईचंही कधी बदललं असेल हे कोणाच्या डोक्यात येतं?

तिने त्या दिवशी सगळं सांगितलं, आयुष्यात एकदाच. चार मुलग्यांच्या पाठीवर मुलगी झाली म्हणून तिच्या वडिलांनी हौसेनं हौसा नाव ठेवलं होतं. पण सासरी आली तर सासूचंही नाव हौसाबाई. एका घरात सासूचं नाव सुनेला कसं चालणार? हाक कशी मारायची? मग लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले आणि माझ्या वडिलांनी अंगठीने त्यात नाव लिहिलं. आई चौथी शिकलेली, तिला वाचता येत होतं. तिने ताटात 'मंगल' वाचलं आणि तिला वाटलं, हे दुसऱ्याच कोणाचं तरी ताट आपल्यासमोर आलंय. पुढे बरेच दिवस कोणी मंगल म्हणून हाक मारली की ती ओ द्यायचीच नाही. सासू म्हणायची, पोरगी बहिरी पदरात पडली. नंतर सवय झाली. माहेरी मात्र ती हौसाच राहिली, कारण सासरचं नाव माहेरी कोणी घेत नाही. मामा आमच्याकडे यायचा तेव्हा तिला नुसतं 'बाई' म्हणायचा. आमच्या दारात तिच्या सासूचं नाव तो तरी कसा घेणार?

तेव्हा मला माझं लग्न आठवलं. माझ्याही पुढे नवऱ्याच्या आत्याने तांदळाचं ताट आणलं होतं. आईने एरवी कधी चारचौघांत तोंड उघडलं नाही, पण तेव्हा ती पुढे झाली आणि म्हणाली, पोरीचा पासपोर्ट झालाय, नाव बदललं तर घोळ व्हईल. मला तेव्हा तिच्या व्यवहारज्ञानाचं कौतुक वाटलं होतं.

त्या कॉलनंतरचं एक वर्ष आमच्या दोघींचं फार चांगलं गेलं. घरात कोणी नसलं की मी फोनवर "काय हौसाबाई, जेवलात का?" म्हणायची. ती मागे वळून बघायची, तोंडाला पदर लावून हसायची आणि म्हणायची, "हळू बोल ग." सासूला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी तिला हळूच बोलायचं होतं. आमच्या लाइनच्या पाटीखाली तिचा फोटो काढायचा म्हणून मी तिला लंडनला यायला सांगत होते. ती म्हणायची, पुढच्या उन्हाळ्यात बघू.

तो उन्हाळा आलाच नाही. भाजी टाकता टाकता ती ओट्यापाशीच कोसळली. चिंचवडच्या दवाखान्यात नेलं, मेंदूत रक्त साकळलंय म्हणाले. मी तिकिटाच्या मागे लागले आणि वहिनी मला फोनवर आई दाखवत राहिली. सिस्टर वाकून म्हणत होती, मंगलआजी, डोळे उघडा, मंगलआजी. दादा आई, आई म्हणून हाका मारत होता. मीही मारल्या. ती कोणालाच ओ देईना, जणू आमची कोणाचीच नव्हती. मग चाकणहून मामा आला. तो खाटेपाशी गेला, तिच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "हौसे, म्या आलोय."

आईने त्याच्याकडे मान वळवली. डोळे उघडले नाहीत, पण मान वळवली. वहिनीने फोन हलवला नाही, म्हणून मला ते नीट दिसलं. वहिनी, तू हे वाचशील म्हणून सांगते, त्यासाठी मी तुझी जन्माची ऋणी आहे.

मी विमानात असताना ती गेली. माझ्यासाठी अंत्यविधी थांबवणं कोणाला शक्य नव्हतं, आणि मी कोणाला दोषही देत नाही. टॅक्सी गावात शिरली तेव्हा चौकातल्या फ्लेक्सवर आईच होती. भावपूर्ण श्रद्धांजली, कैलासवासी मंगल, आणि खाली दादाच्या मित्रांचे ओळीने फोटो. आई आयुष्यात कधी त्या चौकात उभी राहून दोन शब्द बोलली नसेल. मी टॅक्सीतून उतरले आणि तो मोठा चेहरा बघत राहिले. मला रडूच येईना. फ्लेक्सवरच्या बाईला मी ओळखत होते, पण माझी आई ती नव्हती.

दशक्रियेचा फ्लेक्स आणि पत्रिका छापायला जायच्या होत्या, तेव्हा मी दादाला म्हटलं, मंगलच्या खाली कंसात तरी हौसा टाक. त्याला आधी कळलंच नाही मी कोणाबद्दल बोलतेय. कळल्यावर तो थकल्या आवाजात म्हणाला, "हौसाबाई म्हंजी आजी. लोक म्हणतील, म्हातारी दुसऱ्यांदा मेली काय? आन् कोण वळखणार हौसा?"

मी त्याला म्हटलं, स्टेशनाला गावाचं नाव पाहिजे म्हणून तू साऱ्या जगाशी भांडतोयस ना?

"ते गावाचं हाय," तो म्हणाला. "हे घरातलं हाय."

दादा वाईट माणूस नाही. दवाखान्याच्या जिन्यात बसून त्याने रात्रंदिवस काढले होते, डोळे सुजून बारीक झाले होते. पण त्याचं ते वाक्य माझ्या काळजात रुतलं ते रुतलंच. मग मी मामाकडे गेले. आईचा मोठा भाऊ आहे, तो बोलला तर दादा ऐकेल. मामा बराच वेळ हातातली टोपी फिरवत बसला.

"आमी लेक दिली तवाच नाव बी दिऊन टाकलं, पोरी," तो म्हणाला. "आता कंच्या तोंडानं मागायचं?"

दशक्रिया नदीवर झाली. भटजींनी नाव विचारलं, दादाने मंगल सांगितलं. गाव लोटलं होतं, भाषणंसुद्धा झाली. माझे डोळे कोरडेच होते. बायका एकमेकींत बोलत होत्या की बाहेर राहून पोरगी दगड झाली.

परत जायच्या आदल्या दिवशी मी मामाला म्हटलं, मला आईचं गाव दाखव. गाव तसं लांब नाही, आंबेठाणच्या बाजूला. पण जमीन कंपनीला गेल्यावर मामा आणि त्याचे भाऊ चाकणात फ्लॅट घेऊन राहिले, तेव्हापासून आमचं तिकडे जाणंच संपलं होतं. आता तिथे कंटेनरची रांग, कंपनीची लांबच लांब भिंत आणि कामगारांना भाड्याने दिलेल्या पत्र्याच्या खोल्या. त्या खोल्यांच्या मधोमध एक जुनं घर उरलं होतं. ओट्यावर एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. मामा म्हणाला, ही कासूबाई, तुझ्या आईची मैत्रीण, गावातल्या गावातच दिली हिला.

कासूबाईने डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे बघितलं. मामाने माझ्याबद्दल अजून काहीच सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "हौसाची पोर का ग तू? चालनं तिचंच हाय."

मला कोणीही, कधीही, असं म्हटलं नव्हतं. मी मान हलवली.

"हौसा न्हाई आली?"

मी मामाकडे बघितलं. तो कंपनीच्या भिंतीकडे बघत होता. कासूबाईच पुढे बोलायला लागली. "परवा आमची पोरं म्हनत व्हती, तळवड्याची कोन मंगल गेली. मोबाईलात फोटू आलता म्हनं, मला कुठं दिसतंय त्यातलं. तुमच्या भावकीतली व्हती का?"

"माझी आई होती ती, मावशी," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे वेड्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "आगं, तुझी आय हौसा."

मी तिच्याजवळ ओट्यावर बसले, तिचे लसणीचे हात हातात घेतले आणि सगळं सांगितलं. तांदळाचं ताट सांगितलं, सासूचं नाव सांगितलं, दवाखाना सांगितला. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग तिने कपाळाला हात लावला आणि असा हंबरडा फोडला की खोल्यांतली रात्रपाळीची पोरं झोपेतून उठून बाहेर आली. हौसे, मला न सांगता कशी गेलीस ग, हौसे. पुन्हा पुन्हा तेच नाव, मोठ्याने, भर उन्हात, कोणाची भीडभाड न ठेवता. आमच्या घरी एवढे दिवस सगळे मंगलसाठी रडले होते. हौसासाठी कोणी रडलंच नव्हतं. मामा भिंतीकडे तोंड करून हुंदके देऊ लागला, आणि मग मीही रडले, संध्याकाळी घरी परतेपर्यंत.

मी लंडनला परत आले. आता त्या लाइनच्या नावावरून कोणी भांडत नाही. शेजारचे आजोबासुद्धा नवं नाव घेतात, बहुधा त्यांच्या लक्षातही येत नसेल. दादाचं स्टेशन अजून यायचंय. ते आलं आणि त्यावर गावाचं नाव लागलं तर मला आनंदच होईल, मी खोटं बोलत नाही. पण इथे कोणी मला घर कुठे म्हणून विचारतं, तेव्हा मी तळवडे म्हणते आणि माझ्या डोळ्यांपुढे तळवडे येत नाही. पत्र्याच्या खोल्यांमधला तो ओटा येतो. मला हौसाची पोर म्हणून ओळखणारं एक माणूस तिथे आहे. माझ्यापुरतं घर आता तेवढंच उरलंय, आणि कासूबाईचंही वय झालंय.