निळा पडलेला वस्तरा

सुमनचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो; उजवा गाल झाला होता आणि डाव्यावर साबण होता. "काका, अण्णा गेले. पहाटे, झोपेतच..." एवढंच ती बोलली. मी "निघालो" म्हटलं, टॉवेलनं फेस पुसला आणि तसाच रिक्षात बसलो. यशवंतपूरला अण्णांच्या घरी पोचलो, तर दारात उभी असलेली माणसं माझ्याकडे बघून क्षणभर रडायची थांबली. अर्धा चेहरा गुळगुळीत, अर्ध्यावर दोन दिवसांचे खुंट! सुमननं पदरानं डोळे पुसले, पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि त्या तसल्या वेळी तिला हसू फुटलं. "अण्णांनी हे बघितलं असतं तर उठून बसले असते हो," ती म्हणाली. त्याला आता दीड महिना होत आला.

अण्णा म्हणजे दत्ताण्णा, सुमनचे वडील. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्याशा कारखान्यात ते टूलरूममध्ये होते. लेथला लागणाऱ्या हत्यारांना धार लावायची, हे त्यांचं काम. घराणं निपाणीकडचं, आयुष्य सगळं बंगळूरमध्ये गेलेलं. घरी मराठी, बाहेर कन्नड आणि मशीन बिघडलं की दोन्ही. मी पुण्याहून तिथं सुपरवायझर म्हणून आलो तेव्हा चाळिशीला टेकलो होतो. जवळ मेकॅनिकलची पदवी होती आणि गालावर रोज वर्तमानपत्राचे दोन-तीन कपटे. दाढी करताना कापायचं, रक्त थांबावं म्हणून मी कागद चिकटवायचो आणि काढायला विसरायचो. अण्णा गेटवरच तपासणी करायचे. "काल मराठी पेपर होता साहेब, आज कन्नड! भाषा शिकताय की!" सगळं खातं हसायचं. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा माणूस, त्याला काय बोलणार?

शेवटी एका रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. कारखान्यात मी 'अहो साहेब' होतो, उंबरा ओलांडला की 'अरे'. मला खुर्चीत बसवून त्यांनी माझ्या गालांवरून, गळ्यावरून सावकाश बोटं फिरवली. मग सुमनची काजळाची पेन्सिल मागवली आणि केस कुठं कुठल्या दिशेनं उगवतात त्याचे बाण माझ्या तोंडावर काढले. "जॉब करायच्या आधी ड्रॉइंग वाचतोस का नाही? हे तुझं ड्रॉइंग. हनुवटीखाली बघ, इथं केस आडवे चाललेत. तू खालून वर ओढतोस, म्हणून रक्त." पाणी गरम हवं, फेस दाट हवा, "कूलंट नसलं तर टूल जळतं." आणि दाबायचं अजिबात नाही. "टूल कापतंय रे लेका, तू नाही. तू नुसता धर." परत जाताना बाण पुसायचे राहिले. रिक्षावाल्यानं आरशातून बघत बघत मला घरी सोडलं आणि उतरताना अदबीनं विचारलं, "सार, नाटकात काम करता?" मी म्हटलं, "हौदू. खलनायक."

वर्षभर मी साध्या सेफ्टी रेझरवर शिकलो. कपटे थांबले. अण्णा स्वतः मात्र वस्तरा वापरायचे. वडिलांकडून आलेला, शिंगाच्या मुठीचा. वडिलांच्या हातची तेवढीच एक वस्तू त्यांच्याकडे उरली होती. एकदा पंधरा दिवस निपाणीला लग्नासाठी जाताना त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. "रोज चामड्याच्या पट्ट्यावर फिरव. एकदा दाढीही करून बघ. भिऊ नको." मी भ्यालो नाही, हेच चुकलं. चौथ्या दिवशी ओल्या हातातून वस्तरा निसटला, नळावर आपटला आणि पात्याचा तांदळाच्या कणीएवढा टवका उडाला.

आता कुठलाही शहाणा माणूस तो तसाच गुंडाळून ठेवील. पण मी इंजिनिअर! जेवणाच्या सुट्टीत, खात्यात कुणी नसताना, मी तो वस्तरा बेंच ग्राइंडरवर धरला. मोजून चार सेकंद. काय ठिणग्या उडाल्या महाराजा, दिवाळी! टवका गेला. आणि पात्याच्या कडेवर आधी पिवळा, मग जांभळा आणि मग मोरपंखी निळा रंग चढला... पोलाद जळलं होतं. ते मऊ पडतं, पुन्हा धार धरत नाही. परीक्षेत या प्रश्नाला मला चांगले मार्क होते.

अण्णा परतले ते बेळगावच्या कुंद्याचा डबा घेऊन. मी वस्तरा पुढे केला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी पातं उजेडात धरलं, अंगठ्यानं आडवं चाचपलं, मिटलं आणि खिशात घातलं. "सरी," कन्नडात 'बरं', एवढंच म्हणाले. कुंद्याचा डबा माझ्या टेबलावर राहिला. पुढचे आठ दिवस ते मला नुसतं 'साहेब' म्हणत होते, टोमण्याशिवाय. मी एका सकाळी मुद्दाम गालावर कागद चिकटवून गेलो. अण्णांनी पाहिलं आणि नमस्कार करून पुढे गेले. मी कागद काढून खिशात टाकला. दुसऱ्याच्या बापाची वस्तू जाळून बसलो होतो आणि माणूस मला शिवीसुद्धा देत नव्हता.

नवव्या दिवशी ते टेबलाशी आले. "निळं झालं ते मेलं. पण त्याच्या आत पोलाद जिवंत असणार. रविवारी या. हातानं घासायचं, दगडावर. मशीनचं नाव काढलंत तर बघा." मग सात महिने दर रविवारी मी त्यांच्या मागच्या अंगणात पाणी टाकून दगडावर वस्तरा ओढत बसलो. पातं सपाट, दहा वेळा या बाजूनं, दहा वेळा त्या. अण्णा शेजारी पेपर वाचायचे. "दाबालायस," मान वर न करता म्हणायचे. त्यांना ते आवाजावरून कळायचं. तिसऱ्या महिन्यात मला 'अरे' परत मिळालं. सातव्या महिन्यात शेवटची निळी रेघ गेली. पातं बरंच अरुंद झालं होतं. अण्णांनी पट्ट्यावर फिरवून स्वतःच्या गालावर एकच ओढ घेतली. "हं," म्हणाले. मग सुमनला हाक मारली, "याला जेवायला वाढ, आज काम केलंय त्यानं."

निवृत्तीनंतर त्यांचा उजवा हात थरथरू लागला. चहाचा कप हिंदकळायचा, तिथं वस्तरा कुठला? न्हाव्याकडे जायला ते तयार नव्हते. सुमन चिडायची, तर म्हणायचे, "दाढी वाढवतो, मठ काढतो, तू बस पैसे घ्यायला." गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी गेलो, तर गरम पाणी, ब्रश, वस्तरा सगळं मांडून ठेवलेलं आणि अण्णा खुर्चीत मान मागे टाकून बसलेले.

"मी?" मी विचारलं.

"दुसरा कोण आहे? पातं तूच घासलंयस."

"आणि कापलं तर?"

"पेपर आहे की घरात."

त्यांनी डोळे मिटले. मी विचारलं, "डोळे का मिटले?" तर म्हणाले, "तुझं तोंड बघितलं की भीती वाटते." मी बोटं फिरवून केसांची दिशा पाहिली. उजवा गाल झाला, डावा झाला. हनुवटी वर केली आणि नुसता धरला वस्तरा, कसलाही जोर न लावता. गळ्यापाशी आलो तेव्हा कानावर आवाज पडला. अण्णा घोरत होते! मी वस्तरा उचलला आणि तसाच उभा राहिलो. उठवायचं धाडस होईना. फेस वाळू लागला की ब्रश गरम पाण्यात बुडवायचो, अलगद फिरवायचो, पुन्हा थांबायचो. सुमन दारात आली, मी तोंडावर बोट ठेवलं. अर्धा तास तरी गेला असेल.

त्यानंतर दर रविवारी हेच. मी दाढी करायचो, ते झोपायचे. आता रविवार मोकळा असतो. मी घरीच आरशासमोर उभा राहतो, पाणी गरम घेतो, गळ्यापाशी आलो की हात आपोआप थांबतो. परवा बायको म्हणाली, "हल्ली दाढी करताना तुमचं गाणं ऐकू येत नाही ते?" मी म्हटलं, "हळू बोल. अण्णा जागे होतील."