अकरा कोणाच्या नावावर

कस्मिनाचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. तिच्या नवऱ्याचा, जुमादीचा, साडेनवाला. तोही ऊन तोंडावर यायचं म्हणून. खिडकी पश्चिमेला असती तर त्याचा दिवस दुपारनंतरच उजाडला असता.

आमच्या कुदुस गावातल्या सिगारेट कारखान्यात मी आणि कस्मिना एका बाकावर बसायचो. लवंग घातलेला तंबाखू लाकडी हातयंत्रात भरून कागदात वळायचा, हे तिचं काम. दोन्ही टोकांना बाहेर आलेला चुरा कात्रीने साफ करायचा, हे माझं. वळणारीचा हात थांबला की कातरणारीचा थांबतो. त्यामुळे तिच्या घरात काय चाललंय ते मला तिच्या हातावरून कळायचं. मजुरी नगावर. सैल वळलेली सिगारेट मुकादम मोडून टोपलीत टाकायचा, ती धरली जायची नाही. बाकाला पाठ नव्हती. पाठ टेकली की हात सैल पडतो, असं कारखान्याचं म्हणणं. असं म्हणणारे सगळे खुर्चीत बसून म्हणायचे.

मी निवृत्त झाले, ती राहिली. मग तिची बोटं सकाळी मिटेनाशी झाली. गरम पाण्यात हात बुडवून ती कामावर जायची. मुकादमाने सांगितलं, "कस्मिना, नग कमी पडतायत. असंच राहिलं तर टोपलीवर बसवीन." टोपलीवर म्हणजे मोडलेल्या सिगारेटींतला तंबाखू वेगळा काढायचा. मजुरी निम्मी. म्हणजे घरात दुसरी कमाई हवी होती, आणि घरात दुसरं माणूस एकच होतं.

जुमादी आळशी होता असं मी म्हणणार नाही. आळशी माणूस निदान गप्प बसतो. हा सारखं काहीतरी सुरू करायचा. मोठ्या पानांच्या झाडांचं खूळ आलं तेव्हा त्याने कुंड्या आणल्या आणि फडक्याने पानं पुसत बसला. अंगठीच्या खड्यांचं आलं तेव्हा खडे घासले. मग गाणारे पक्षी. ते पक्षीसुद्धा त्याच्याकडे आल्यावर गायचे थांबले. प्रत्येक धंद्याला कस्मिनाचा सणाचा बोनस लागला आणि प्रत्येक धंदा पुढच्या सणाच्या आत बसला.

मग कॉफीच्या टपरीवर तो फोनवर खेळ खेळायला लागला. आणि खरं सांगायचं तर खेळायचा चांगला. सेमारांगच्या अगुंग नावाच्या दलालाने त्याला हेरलं. ज्या पैसेवाल्यांच्या पोरांना न खेळता खेळात वरचा दर्जा हवा असतो, त्यांच्या नावाने दुसऱ्याने खेळून द्यायचं, असा अगुंगचा धंदा. आमच्याकडे असली माणसं पुष्कळ आहेत. वळायचं एकाने, धूर काढायचा दुसऱ्याने. जुमादीला हे काम पटलं. त्याला एखादं काम पटल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. फक्त फोन चालणार नव्हता. मोठा खेळ कॉम्प्युटरवरच चालतो.

कस्मिनाने बोनस काढला, भिशीत तिची पाळी लागली होती तेही पैसे घातले, आणि कॉम्प्युटर आला. एका बाजूला काच, आत लाल-निळे दिवे. सोबत मोटारीच्या शर्यतीत असते तसली उंच पाठीची खुर्ची.

"खुर्ची कशाला, कांग?" तिने नवऱ्याला विचारलं.

"अगं, काम करणाऱ्याची पाठ सांभाळायला नको?"

कस्मिनाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

दुकानातच एक प्रश्न निघाला होता. गल्ल्यावरची मुलगी त्याला मानाचं 'पाक' लावून म्हणाली होती, "पाक जुमादी, यात विंडोज अजून घातलेलं नाही. अकरा घालून देते. तुम्ही म्हणताय तो खेळ अकराशिवाय उघडतच नाही."

"विचार करून सांगतो," जुमादी म्हणाला आणि यंत्र रिकामंच घरी घेऊन आला. इतकी मोठी गोष्ट एका पोरीच्या सांगण्यावर ठरवायची म्हणजे काय?

विचार टपरीवर सुरू झाला. एकजण म्हणाला दहा घे, अकरा फार खादाड आहे. दुसऱ्याचा पुतण्या अकरा वापरायचा, म्हणून अकरा. तिसऱ्याचं एकेकाळी खेळांचं दुकान होतं, ते बुडालं; तो म्हणाला, "सात! सातनंतर सगळी भेसळ." बुडालेल्या माणसाचं मत टपरीवर सगळ्यात वजनदार. जुमादी सकाळी एक आकडा घेऊन घरी यायचा, संध्याकाळी दुसरा. मी जन्मभर नगावर काम केलेली बाई. मला वाटायचं, मतांना नगावर मजुरी मिळाली असती तर या माणसाने कारखाना विकत घेतला असता.

शेवटी त्याने आकड्यांचा प्रश्न आकड्यांच्या माणसाकडे नेला. म्बाह रेजो, म्हणजे रेजो आजोबा, आमच्या वस्तीतले सगळ्यात म्हातारे. दार कुठे काढायचं, विहीर कधी खणायची, हे त्यांना विचारल्याशिवाय कोणी करत नाही. माणसाचा जन्मवार आणि पाच दिवसांच्या बाजार-आठवड्यातला त्याचा पाहिंग, पोन असा बाजारवार, दोन्हींचे ठरलेले आकडे असतात. त्यांची बेरीज करायची, वस्तूचा आकडा मिळवायचा, पाचाने भागायचं. एक उरला तर श्री, म्हणजे भाताची देवी घरात. दोन उरले तर मान. तीन, धन. चार, दुखणं. काही उरलं नाही तर मरण.

त्यासाठी जुमादीने घरी जेवण घातलं. भाताचा शंकू, अख्खी कोंबडी. पुरुष बाहेर चटईवर, आम्ही बायका चुलीपाशी. म्बाह रेजोंचा आवाज आत आला, "वस्तू कोणाची?"

"माझी, म्बाह. माझ्या घामाची."

कस्मिना नारळ खवत होती. खवणी एकदा थांबली, मग पुन्हा चालू झाली.

"कुठला घाम गं?" मी विचारलं.

"मिरची चावली की येतो तो," ती म्हणाली.

बाहेर हिशेब झाला. जुमादी रविवार-पाहिंगचा, म्हणजे चौदा. चौदा नि अकरा पंचवीस: मरण. सगळ्यांनी 'अरे बापरे' केलं. चौदा नि दहा चोवीस: दुखणं. चौदा नि सात एकवीस: श्री. ज्याचं दुकान बुडालं होतं तो चटईवर असा ताठ बसला की जणू श्री त्याच्याच घरी आली. मग सगळे पोटभर जेवले.

दुकानातल्या मुलीने सात घालायला चक्क नकार दिला. "पाक, या नव्या यंत्रात ते नीट बसत नाही. आणि बसलं तरी तुमचा खेळ चालणार नाही." जुमादी म्हणाला, हल्लीच्या मुलींना मोठ्यांचा मान राहिला नाही. बस अड्ड्यामागच्या एका दुरुस्तीवाल्याने कुठूनतरी काहीतरी करून सात घुसवलं. की-बोर्ड आणि माउस मेले. त्याने एक जुना सुटा भाग जोडून त्यांना जागं केलं, पैसे घेतले आणि परत येऊ नका असं सांगून गेला. दिवे मात्र सुरेख लागले. खेळ उघडला नाही.

"नव्या घरात सूनसुद्धा पहिल्या दिवशी हसत नाही," जुमादी म्हणाला. त्याने यंत्रापाशी फुलांच्या पाण्याची वाटी ठेवली. आणि रोज सकाळी, म्हणजे साडेनवानंतर, त्या उंच पाठीच्या खुर्चीत बसून तो दिव्यांकडे पाहायला लागला. याला तो कामावर जाणं म्हणायचा.

दुपारी कस्मिना कारखान्यातून यायची. "चाललं का?"

"बसतंय."

ते त्याने यंत्राबद्दल सांगितलं असेल, पण शब्द त्यालाच लागू होता.

असे तीन आठवडे गेले. मग अगुंगचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, कारण जुमादी एका हाताने भजी खात होता. अगुंग त्याला मास, म्हणजे दादा, म्हणायचा. "मास जुमादी, शनिवारी नवा हंगाम सुरू होतोय. तुमच्या नावाने तीन गिऱ्हाइकं धरून ठेवलीयत. शनिवारी यंत्र चालू नसेल तर मी दुसरा माणूस बघतो. पुन्हा फोन करणार नाही."

त्याच आठवड्यात मुकादमाने टोपली आणून कस्मिनाच्या बाकाशेजारी ठेवली. तिला बसवलं नाही. नुसती ठेवली.

ती माझ्याकडे आली. ओरडली नाही, रडली नाही. मला ती म्बाक, म्हणजे ताई, म्हणायची. "म्बाक, चल जरा. म्बाह रेजोंना बोलावून आणू. हिशेब त्यांचा आहे, त्यांनीच येऊन बघावा."

केळ्यांचा फणा घेऊन गेलो. म्हातारा ऐकून तापला. "माझा हिशेब? ही समोरची विहीर माझ्या हिशेबाची. अजून गोड आहे!" काठी घेऊन तो आमच्यापुढे चालायला लागला. म्हातारा रागाने कुठे निघालाय हे बघायला चार शेजारीही मागे आले.

म्बाह रेजोंनी यंत्र बघितलं. दिवे बघितले. फुलांची वाटी बघितली. खुर्चीत बसलेला जुमादी बघितला.

"ऊठ. म्हाताऱ्यासमोर बसतोस?"

जुमादी उठला.

"आता सांग. वस्तू कोणाची?"

"सांगितलं ना म्बाह तेव्हा, माझीच की."

"पैसे कोणी दिले?"

जुमादीने हसायचा प्रयत्न केला. "घरात काय म्बाह, तिचं-माझं असं असतं का?"

"भात खायला नसतं. हिशेबाला असतं. ज्याने पैसे दिले त्याचा वार धरायचा. सुकीरने भावाच्या पैशाने विहीर खणली नि वार स्वतःचा सांगितला. पाणी कसं लागलं?"

"मचूळ," मागून एक शेजारी म्हणाला. आमच्याकडे साक्षीदार कमी पडत नाहीत.

जुमादीला घाम फुटला. खरा, मिरचीशिवायचा. तोंडाने बायकोचं नाव घेतलं असतं तर काम मिटत होतं. पण चटईवर सगळ्या वस्तीला कोंबडी खाऊ घालून जे सांगितलं, ते त्याच लोकांसमोर गिळायचं होतं. मग त्याला एकदम सुचलं.

"म्बाह, माझा वारच चुकला असेल! आई म्हणायची, मी जन्मलो तेव्हा सूर्य मावळला होता." आमच्याकडे सूर्य मावळला की पुढचा वार लागतो. "म्हणजे मी सोमवार-पोनचा. अकरा. अकरा नि अकरा बावीस, दोन उरले. मान! म्हणजे मला अकरा चालतं!"

हिशेब बरोबर होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एवढ्या वेगाने काही केलं होतं. शेजारी म्हाताऱ्याकडे बघायला लागले.

म्बाह रेजोंनी काठी जमिनीवर टेकली. "तुझा बाप त्या दिवशी पक्षी पकडायला गेला होता. तुझी नाळ मी पुरली, या हातांनी. डोक्यावर ऊन मी म्हणत होतं, टोपी नव्हती म्हणून मला भोवळ आली. आणि तू मला सूर्य मावळलेला सांगतोस?"

कोणीतरी फिसकन हसलं. कस्मिना दारात उभी होती, एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं चोळत. म्हातारा काय विचारेल हे तिला घरून निघतानाच ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं तिच्या शेजारी बसून मला ते आधी कळायला हवं होतं.

"कस्मिनाची," जुमादी पुटपुटला.

"मला कमी ऐकू येतं."

"कस्मिनाची! तिच्या पैशाची! झालं?"

"झालं," म्हातारा म्हणाला. "तुझा वार कुठला गं पोरी?"

"गुरुवार-पोन, म्बाह."

"पंधरा. पंधरा नि अकरा सव्वीस. एक उरला." म्हाताऱ्याने मान डोलावली. "श्री. माझा हिशेब चुकत नाही. माणसं चुकीचं सांगतात."

दुकानातली मुलगी संध्याकाळच्या आत येऊन अकरा घालून गेली. खेळ उघडला. तिच्याकडे फूल नव्हतं, वाटी नव्हती, आणि हाच आकडा तिने पहिल्या दिवशी सांगितला होता. तिचा वार कोणी विचारला नाही. चहासुद्धा मीच विचारला.

जायच्या आधी म्बाह रेजोंनी एक रीत सांगितली. नव्या वस्तूपाशी आधी मालकाने बसायचं. कस्मिना संकोचत त्या उंच पाठीच्या खुर्चीत बसली, बाकावर बसते तशी, कडेला, ताठ. मग हळूहळू मागे गेली. पाठ टेकली. डोकं टेकलं. तिने डोळे मिटले.

"कस्मिना," थोड्या वेळाने जुमादी म्हणाला, "मला सरावाला बसायचंय."

"बस की," ती डोळे न उघडता म्हणाली. "मोरीत प्लॅस्टिकचं स्टूल आहे."

शनिवारी तो स्टुलावर बसला आणि खेळला. अजून खेळतो. लोक विचारतात, सुधारला का? छे. अगुंग पैसे कस्मिनाच्या खात्यात पाठवतो आणि ती जुमादीला नगावर देते. हरलेला डाव धरत नाही. पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, हा अन्याय आहे. ती म्हणाली, टोपलीत टाक.

कारखान्यात ती आता टोपलीवर आहे. मुकादमाने शेवटी बसवलीच. मजुरी निम्मी झाली, तरी घर चालतं. दुपारी ती घरी येते, हात धुते आणि स्टुलामागच्या खुर्चीत बसते. मी गेले की कधी ती जागी असते, कधी झोपलेली. जुमादी वळून बघतो, ती झोपलीय का ते. झोपली असेल तरी उठायची त्याची हिंमत होत नाही, कारण डाव हरला की यंत्र मोठ्याने ओरडतं.

बोनस, भिशी आणि उभं आयुष्य बिनपाठीच्या बाकावर बसून मिळवलेली मजुरी. त्यातून शेवटी काय आलं, असं कोणी विचारलं तर मी कॉम्प्युटर सांगत नाही. पाठ टेकायला एक खुर्ची आली.