अर्धं वावर

अमेरिकेत लढाई लागली आणि वऱ्हाडात कापसाला असा भाव आला की ज्वारीची वावरंही पऱ्हाटीखाली गेली. त्याच सुमारास आमच्या घरी वाटणी झाली. थोरल्या जाऊबाई विधवा, पदरात दोन लेकरं. अकोटच्या वाटेवरचं वावर त्यांचं आणि आमचं निम्मं-निम्मं करायचं ठरलं.

आमच्याकडे वाटणी ओळींनी व्हायची. पंचांनी पऱ्हाटीच्या ओळी मोजल्या, वाटेकडच्या निम्म्या आम्हाला दिल्या, नाल्याकडच्या निम्म्या जाऊबाईंना. नारळ फुटला, सगळे जेवायला बसले. वावराचे दोन्ही अंगांचे धुरे, म्हणजे बांध, सरळ, पण नाल्याकडे ते निमुळतं होत जातं. तिकडच्या ओळी आखूड, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

वेचणीला ते कळलं. माझी एक ओळ संपायच्या आत जाऊबाईंची दुसरी निम्मी व्हायची, आणि हात तर माझा चपळ. हंगाम सरताना त्या म्हणाल्या, एवढ्यात लेकरांचं भागत नाही, वावर तुम्हीच करा, मी हिवरखेडला भावाकडे जाते. भावजयीच्या हाताखाली त्यांचे काय हाल होतील हे मला न सांगता कळत होतं.

मी घरी म्हटलं, हे निम्मं नव्हे. नवऱ्याचं म्हणणं, पंचांनी निम्मं म्हटलं, वहिनीनं मान हलवली, मग निम्मं नाही तर काय? पाटील नात्यानं चुलतसासरे. त्यांचंही तेच. चार माणसांनी मान्य केलं ते निम्मं.

मी पदर पुढे ओढून विचारलं, "मामंजी, साऱ्या गावानं मान्य केलं तरी आखूड ओळ लांब होईन का?"

"मंग तूच कर निम्मं," पाटील म्हणाले. "तुले लय समजते."

पऱ्हाट्या उपटायच्या आधी आम्ही दोघी जावा दोर घेऊन गेलो. ओळीइतका दोर ताणायचा, दुहेरी करायचा, मध्यावर तुरीची काडी खोवायची. प्रत्येक ओळ दोघींची अर्धी-अर्धी, मग तक्रार कसली? मधल्या काही ओळी सोडत नाल्यापर्यंत गेलो. पऱ्हाट्या उपटल्यावर पाहिलं तर सगळ्या काड्या एका सरळ रेघेत. पहिलीमागे बाकीच्या झाकून गेल्या होत्या.

जाऊबाईंना संशय आला. "तू पाहून-पाहून खोवल्या का वं?"

"दोर तर तुमीच धरला होता."

नवरा म्हणाला, ही रेघ तुझ्या डोक्यातली. मी म्हटलं, "माह्या डोक्यात असती तर मले आधी ठाऊक असती. मी तं नुसत्या ओळी अर्ध्या करून राहिली होती."

यावर मी नंतरही विचार केला आहे. मला वाटतं, ती रेघ आमच्या आधीची. ते वावर नुसतं रान होतं तेव्हा कुणी दोर नेला असता, तरी ती तिथेच सापडली असती. पंचांना ती मोडता आली नसती आणि मलाही वाकवता आली नसती.

नवरा उन्हाळाभर घुश्शात होता, पण नवा धुरा त्यानंच घातला. जाऊबाई हिवरखेडला गेल्या त्या अखजीच्या सणापुरत्या. पेरणीआधी परत आल्या, आणि येताना भावाची बैलजोडी मागून आणली.